चित्रकलेचा तास आणि गणपतीची शाळा

दरवर्षी जूनमध्ये नववीच्या मुलांची माहिती भरून घेताना ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीने त्यात ‘शेती’ असे लिहिले होते. पुढे जानेवारीतल्या पालकसभेला तिच्या घरचे कोणीच आले नाही, म्हणून मी कारण विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “बाबा रात्री घरात नसतत सर, आणि दिवसा झोपतत.” तिचे वडील दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या, कंपनीत स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे नट होते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की उन्हाळ्यापर्यंत त्यांची जवळजवळ प्रत्येक रात्र कुठल्या ना कुठल्या देवळासमोर जात असे. स्वतःचा रंग स्वतः करायचा, लिहिलेली संहिता हातात नसताना आख्यानातले संवाद उभ्या उभ्या रचायचे, आणि पहाटे गाडीत बसून परत यायचे. ज्या कलेसाठी दूरवरची माणसे सिंधुदुर्गात येऊन रात्री जागवतात, ती कला या मुलीने शाळेच्या कागदावरून पुसून टाकली होती, कारण शाळेत तिला काही किंमत आहे असे तिला कधी जाणवलेच नव्हते. आणि त्या शाळेत चित्रकला शिकवणारा शिक्षक मी होतो.

त्या आठवड्यात मी वर्गात कोऱ्या कागदाचे तुकडे वाटले आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : तुमच्या घरात किंवा वाडीत हाताने काही घडवणारे, रंगवणारे, गाणारे, वाजवणारे किंवा सोंग घेणारे कोण आहे? उत्तरे वाचताना मला रात्री झोप लागली नाही. कोणाचे काका पखवाज वाजवत होते, कोणाचे आजोबा डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनी सामन्याचे, बुवा होते, एकीच्या शेजारी बांबूच्या रोवळ्या आणि सुपे विणणारे कुटुंब होते, तिघांच्या वाडीत मूर्ती घडवणाऱ्या गणपतीच्या शाळा होत्या, एकाचा भाऊ चतुर्थीच्या आधी घरोघरी गणपतीमागची भिंत रंगवायला जात असे. एका वर्गाच्या भोवती इतके कलाशिक्षक राहत होते, आणि आम्ही मात्र मुंबईहून मागवलेल्या मासिकातील फुलदाणी समोर ठेवून सावल्या गिरवत होतो.

माध्यमिक शाळेतल्या चित्रकलेच्या विषयाची स्थिती बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. आठवड्याला दोन तास, तेही बहुधा दुपारच्या जेवणानंतरचे. दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाचे तास गणित आणि विज्ञानाकडे जातात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, हा आमचा मुख्य आधार. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांना चित्रकला त्या परीक्षेपुरती आठवते. मला या परीक्षांबद्दल आदर आहे, कारण स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची जी शिस्त त्या लावतात ती पुढे कुठेही उपयोगी पडते. पण परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणजेच कलाशिक्षण अशी समजूत एकदा रुजली, की गावातला मूर्तिकार आणि शाळेतला चित्रकलेचा तास यांच्यात एक भिंत उभी राहते.

ती भिंत पाडण्यासाठी कायद्यात आणि धोरणात वाव आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या १०० हून अधिक असल्यास, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर स्थानिक कलाकार आणि कारागीर यांना शाळेत निदेशक म्हणून बोलवावे असे स्पष्ट म्हटले आहे आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे, ज्यात मुलांनी सुतार, कुंभार, चित्रकार अशांच्या हाताखाली काम शिकावे. नववी-दहावी-अकरावी-बारावीसाठी २०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव आहे. कागदावर एवढे सगळे असताना प्रत्यक्षात काम मात्र एका शिक्षकाने दुपारी स्कूटर काढून एखाद्याच्या अंगणात जाऊन बसल्याशिवाय सुरू होत नाही. धोरण दार उघडते. आत जाऊन काय बोलायचे हे आपल्याला ठरवावे लागते, आणि मी ते पहिल्या वेळी चुकीचे बोललो.

त्या मुलीच्या वडिलांना मी स्नेहसंमेलनाचे पाहुणे म्हणून बोलावले. मला वाटले होते की हा मोठा सन्मान होईल. त्यांनी यावे, दोन शब्द बोलावे, मुलांसमोर थोडी वेशभूषा करून दाखवावी अशी माझी विनंती होती. ते आले, दोन तास बसले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही शाल आणि श्रीफळ दिले. नंतर दुसऱ्या एका कलाकाराकडून मला कळले की त्यासाठी त्यांनी एक नाईट सोडली होती. कंपनीत प्रयोगाला नाईट म्हणतात आणि नाईट सोडली की त्या रात्रीचे पैसे जातात. आम्ही त्यांचा सन्मान केला होता, पण त्यांच्या घरातला एका दिवसाचा खर्च आम्ही आमच्या कार्यक्रमासाठी वापरला होता, आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. शिवाय मुलांना त्या दोन तासांत काय मिळाले? एक कलाकार व्यासपीठावर बसलेला दिसला. रंग कसा चढतो, चेहऱ्यावरची रेघ कुठून सुरू होते, पायपेटी आणि पखवाज यांच्यात नटाने जागा कशी शोधायची, यातले काहीही नाही.

त्यानंतर मी स्वतःपुरते दोन नियम केले. बाहेरच्या कलाकाराला पाहुणा म्हणून बोलवायचे नाही, शिक्षक म्हणून बोलवायचे. आणि शिक्षक म्हटल्यावर मानधन आधी ठरवायचे. दुसरे असे, की वेळापत्रक त्याचे असेल, शाळेचे नाही. दशावतारी कलाकाराला जानेवारीत बोलावणे म्हणजे शेतकऱ्याला लावणीच्या दिवसांत सभेला बोलावण्यासारखे आहे. त्यांचा मोकळा काळ पावसाळ्यात, नेमका आमच्या सत्राच्या सुरुवातीचा. पुढच्या वर्षी जुलैमध्ये सलग चार शनिवार ते आले. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे साडेअकरानंतर वर्ग मोकळा. पहिल्या शनिवारी त्यांनी मुलांना फक्त स्वतःच्या चेहऱ्याचा आरसा दिला आणि भुवईची रेघ अर्धा बोट वर गेली तर माणूस कसा बदलतो ते दाखवले. दुसऱ्या शनिवारी आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगातला, संकासुर मुलांकडून करून घेतला. तिसऱ्या शनिवारी एक आख्यान गोष्टीपुरते सांगितले आणि संवाद मुलांनी जागेवर रचले. ज्या मुलांना मराठीच्या तासाला दहा ओळींचा निबंध लिहिता येत नव्हता, त्यांच्यापैकी दोघे दहा मिनिटे भांडणारे राजे होऊन उभे राहिले. चौथ्या शनिवारी त्यांची मुलगी झांज घेऊन पुढे बसली होती.

गणपतीच्या शाळेची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला ती अधिक सांगावीशी वाटते, कारण मी जे काही शिकलो ते बहुतांश तिथेच.

कोकणात मूर्ती घडवण्याच्या जागेला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात हे बाहेरच्या वाचकांना नवे वाटेल. घरोघरचे लोक आपापला लाकडी पाट आधीच शाळेत नेऊन देतात. त्या पाटावर त्या घरचा गणपती बसतो आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी डोक्यावरून घरी येतो. आमच्या गावातल्या शाळेतले मूर्तिकार साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे सुमारे तीनशे पाट येतात. पूर्वी वाडीतली तरुण मुले रात्री मदतीला बसत. आता ती मुले गोव्यात किंवा मुंबईत नोकरीला आहेत, आणि श्रावणात म्हातारा-म्हातारी दोघेच रात्री दोन वाजेपर्यंत दिव्याखाली बसलेली असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘मुलांना शिकवाल का’ असे विचारले. ते हसले आणि म्हणाले, “शिकवूक येळ खंय आसा मास्तरानू? पण हात होये आसत.” म्हणजे शिकवायला वेळ नाही, पण हात हवे आहेत.

हे वाक्य ऐकून मी आधी सुखावलो आणि मग सावध झालो. हात हवे आहेत ही खरी गरज होती, आणि गरज असल्याशिवाय नाते टिकत नाही. पण शाळेच्या नावाखाली मुलांचे फुकट श्रम एखाद्याच्या व्यवसायात घालणे हे मला मान्य होणारे नव्हते. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शिकणे आणि राबणे यातली रेघ शिक्षकाने आधीच आखली पाहिजे. आम्ही बसून ठरवले ते असे : फक्त नववीची आणि चौदा पूर्ण झालेली सहा मुले, तीन आठवडे, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी दोन-दोन तास, प्रत्येक वेळी मी किंवा आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका तिथे हजर, पालकांचे पत्र, आणि कोणत्याही मुलाने विकायच्या मूर्तीचे रोजचे ठरावीक काम अंगावर घ्यायचे नाही. मूर्तिकारांनीही एक अट घातली, जी मला सुचली नसती. त्यांनी सांगितले की दर वेळी नवीन मुले आणू नका, तीच सहा आणा. शाळेत आम्ही सगळ्यांना संधी मिळावी म्हणून मुले फिरवत राहतो. त्यांना मात्र ठाऊक होते की माती ओळखायलाच पहिले चार दिवस जातात.

त्या तीन आठवड्यांत मुलांनी माती मळली, स्वतःसाठी एक बोटभर उंचीचा हात पुन्हा पुन्हा घडवला आणि मोडला, सफेद्याचा हात एकसारखा कसा बसतो ते पाहिले. डोळ्यांना कोणी हात लावायचा नव्हता. डोळ्यांची आखणी मूर्तिकार स्वतः करतात आणि त्या वेळी शाळेत कोणी बोलत नाही. शेवटच्या रविवारी त्यांनी सहाही जणांना समोर बसवले आणि चाळीस मूर्तींचे डोळे आखेपर्यंत नुसते पाहायला लावले. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, मनगट स्थिर, श्वास रोखलेला, आणि रेघ एकाच दिशेने, न उचलता. सप्टेंबरच्या अखेरीस इंटरमिजिएटच्या सरावात त्यातला एक मुलगा तांब्याची कड काढताना करंगळी कागदावर टेकवून बसलेला मला दिसला. ती गोष्ट मी वर्षभर फळ्यावर सांगत होतो. त्याच्या हातात ती त्या रविवारी गेली.

मानधनाचा विषय काढला तेव्हा मूर्तिकारांनी हात जोडले. गणपतीच्या मातीसाठी शाळेतून पैसे घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अशा ठिकाणी आग्रह करणे हाही एक प्रकारचा अपमान होतो, म्हणून मी तो सोडला, पण काहीच न देता घेत राहणे मला बरे वाटेना. मग एके दिवशी पाहिले की पाटांवर मालकांची नावे खडूने लिहिलेली आहेत, दमट हवेत ती पुसतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणाचा पाट कोणता यावरून गोंधळ होतो. आमच्या दहावीच्या मुलांना अक्षरलेखन येत होतेच. त्यांनी तीनशे पत्र्यांच्या पट्ट्यांवर ऑइल पेंटने नावे आणि वाडी लिहिली, आणि एका जाड वहीत पाटांची यादी केली. परीक्षेसाठी जे अक्षरलेखन मुले कंटाळून करत होती, ते इथे ओळीच्या बाहेर गेले तर एखाद्या घरचा गणपती चुकणार होता. इतके सुबक अक्षर मी त्या वर्गाकडून आधी पाहिले नव्हते. त्या पट्ट्या आजही दरवर्षी वापरल्या जातात आणि दरवर्षी दहावीचा वर्ग त्यांतल्या पुसट झालेल्या नव्याने लिहितो.

गावाशी नाते जोडण्याबद्दल शिक्षकांच्या सभांमध्ये जे बोलले जाते ते बहुतेक देणग्यांबद्दल असते. माझा अनुभव असा आहे की शाळेकडे देण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते आपण मोजत नाही. मोठी खोली, कोरडी भिंत, अक्षर येणारी चाळीस मुले, संगणक, छपाईयंत्र, इंग्रजीत पत्र लिहू शकणारा शिक्षक, आणि गावातला विश्वास. एका भजनी मंडळाला सरावासाठी पावसात जागा नव्हती. आम्ही बुधवार संध्याकाळी एक वर्ग दिला, आणि त्याबदल्यात त्यांचे पखवाजवादक आठवड्यातून एक तास मुलांना घेतात. गावच्या वाचनालयाला वाचक हवे होते. आम्ही मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन शाळेत न भरवता तिथे भरवले, आणि चित्र पाहायला आलेल्या पालकांपैकी काही जणांनी सभासदत्व घेतले. हे व्यवहार लहान आहेत, पण दोन्ही बाजूंची गरज त्यात खरी आहे, म्हणून मुख्याध्यापक बदलले तरी ते चालू राहिले.

आता पिंगुळीबद्दल. कुडाळला लागून असलेले हे गाव ठाकर आदिवासी समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांसाठी ओळखले जाते. सावंतवाडी संस्थानाने एके काळी या कलांना आश्रय दिला. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांच्या कुटुंबाने घराच्या आवारात उभे केलेले कलांगण पाहायला आता लांबून लोक येतात. आमच्या शाळेपासून ते इतके जवळ असताना आम्ही मुलांना दरवर्षी सहलीला कोल्हापूर-पन्हाळा दाखवत होतो. मी पहिल्यांदा मुलांना तिथे नेले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी पुस्तकातल्या छापील चित्रावरून कधीच आली नसती. चित्रकथीचे चित्र एकटे नसते. एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी असते, आणि एकेक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीवर, गात आणि सांगत कथा पुढे जाते. म्हणजे ते चित्र पाहण्यासाठी जितके आहे तितकेच ऐकण्यासाठी आहे. चेहरे एका बाजूने, डोळे मोठे, आकृत्या रंगमंचावर उभ्या असल्यासारख्या का, याचे उत्तर तिथे, कथा ऐकताना मिळते.

इथे माझ्याकडून दुसरी चूक झाली आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. परत आल्यावर मुलांनी चित्रकथीच्या धाटणीत शुभेच्छापत्रे केली. सुंदर झाली. स्नेहसंमेलनात आम्ही ती विकायला ठेवली आणि जमलेल्या पैशांतून रंग आणले. त्या वेळी मला त्यात काही गैर दिसले नाही. नंतर ज्या कलाकाराने मुलांना शिकवले होते त्यांच्याशी बोलताना मी आनंदाने हे सांगितले, आणि ते क्षणभर गप्प झाले. चित्रे विकणे हे त्या घरांचे पोटापाण्याचे काम आहे. त्यांच्याकडे शिकलेली धाटणी त्यांना न विचारता, त्यांच्या नावाचा उल्लेख न करता, दहा-दहा रुपयांना आम्ही बाजारात आणली होती. मुलांनी शिकण्यासाठी नक्कल करणे योग्यच आहे, प्रत्येक चित्रकार तसाच शिकतो. पण शिकणे संपून विक्री सुरू होते तिथे परवानगी लागते. मी माफी मागितली, आणि तेव्हापासून आमच्याकडे एक साधा नियम आहे : ज्या परंपरेतून चित्र आले त्या गावाचे आणि समाजाचे नाव चित्राखाली लिहायचे, आणि विक्री करायची असेल तर आधी विचारायचे आणि त्यातला वाटा ठरवायचा. मुले स्वतःच्या वाडीतले विषय घेऊन स्वतःची पोथी करतात ती मात्र त्यांची. मागच्या वर्षीच्या पोथीचा विषय ‘आमची पुलाखालची एसटी’ हा होता. पुरात अडकलेल्या बसची कथा, सोळा चित्रांत.

सावंतवाडीच्या गंजिफ्यांशी, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांशी, आमचे नाते चित्रकलेपेक्षा गणितामुळे अधिक घट्ट झाले, हे थोडक्यात सांगतो. राजवाड्यात कारागीर गोल पत्ते रंगवताना पाहायला मिळतात. दशावतारी गंजिफ्यात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांचे दहा गट, प्रत्येकात राजा आणि प्रधान धरून बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात संस्थानच्या राजघराण्याने हे काम पुन्हा उभे केले नसते तर ते बहुधा नाहीसे झाले असते. आमच्या गणिताच्या शिक्षिका त्या भेटीला सोबत होत्या. संभाव्यतेचे धडे ५२ पत्त्यांवर असतात आणि आमच्याकडच्या कित्येक घरांत पत्ते खेळणे वाईट मानले जाते. त्यांनी तो धडा १२० पत्त्यांवर घेतला, आणि पत्ते आम्ही चित्रकलेच्या तासाला पुठ्ठ्याचे केले. वर्तुळात नक्षी बसवणे हा संकल्पचित्राचा अवघड भाग असतो, तो या निमित्ताने आपोआप झाला. एक गोष्ट याहून महत्त्वाची घडली : दिवाळीनंतर माझे तास मागायला येणारे गणित पहिल्यांदाच माझ्या बाजूला बसले. शाळेबाहेरचे सहकारी शोधताना शाळेतल्या सहकाऱ्यांना आधी विचारावे, असे मला तेव्हापासून वाटते.

पैशांबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून जे माहीत आहे ते सांगतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्ग आमच्यासारख्या एकट्या शाळेला सहसा उपयोगी पडत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हा विषय मान्य आहे हे खरे, पण ही जबाबदारी मोठ्या उलाढालीच्या किंवा किमान पाच कोटी नफ्याच्या कंपन्यांवर येते, आणि निधी घेणाऱ्या संस्थेला एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही सरकारकडची नोंदणी लागते. शिक्षणसंस्थेची कागदपत्रे नीट असतील तर प्रयत्न जरूर करावा. मात्र त्यावर वर्षाचे नियोजन टांगून ठेवू नये. आमचा खर्च चालतो तो तीन ठिकाणांहून : बाजारपेठेतली पतसंस्था, माजी विद्यार्थी, आणि गावाचे मुंबईकर मंडळ. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावात येतात. एके वर्षी आम्ही मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना निवेदन न देता थेट गणपतीच्या शाळेत नेले आणि तिथे माती मळणारी आपल्याच वाडीतली मुले दाखवली. दोन कलाकारांचे वर्षभराचे मानधन त्यांनी उचलले. आमचे मानधन दोन तासांना एक हजार रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च, इतके साधे आहे. पण ते त्याच दिवशी, पाकिटात, पावतीवर सही घेऊन दिले जाते. उशिरा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा वेळेवर दिलेल्या छोट्या रकमेने आमच्यावरचा विश्वास वाढला आहे.

प्रत्येक कलाकाराबरोबर आम्ही एक पानाचे मराठी पत्र करतो. त्यात तारखा, तास, मुलांची संख्या, मानधन, साहित्य कोणी आणायचे, छायाचित्रे कुठे वापरायची आणि तयार झालेल्या वस्तू कोणाच्या, इतके असते. सुरुवातीला काहींना ते परकेपणाचे वाटले. “आपल्यात कागद कित्याक?” असे एका बुवांनी विचारले. मी सांगितले की कागद तुमच्यासाठी नाही, माझ्या नंतर येणाऱ्या शिक्षकासाठी आहे. त्याला कळले पाहिजे की तुम्हाला काय कबूल केले होते. मुलांच्या सुरक्षिततेचा भाग मात्र मी कोणाच्याही शब्दावर सोडत नाही. कितीही जवळचा, कितीही आदरणीय कलाकार असला तरी वर्गात शाळेचा शिक्षक हजर असतो, मुली असतील तिथे शिक्षिका असते, आणि बाहेर जाताना प्रत्येक पालकाची लेखी संमती असते. हे आधीच, सगळ्यांना सारखे सांगितले की कोणाला ते लागत नाही.

काही नाती जुळली नाहीत. बांबूकाम करणाऱ्या कुटुंबाकडे मी तीनदा गेलो. त्यांनी नकार दिला, आणि तिसऱ्या वेळी कारणही सांगितले : या कामामुळे त्यांच्या मुलांना शाळेत ज्या नावाने हाक मारली गेली होती ते त्यांना अजून आठवत होते. त्याच शाळेच्या आवारात बसून तेच काम शिकवायला त्यांचे मन धजत नव्हते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी आता तिथे वर्गासाठी विचारायला जात नाही; आमच्या शाळेला लागणाऱ्या टोपल्या आणि कागदाच्या रद्दीसाठीचे डाले तेवढे त्यांच्याकडून, ते सांगतील त्या किमतीला घेतो. गेल्या मार्चमध्ये त्यांची नात आठवीत आमच्याकडे प्रवेश घेण्याबद्दल विचारून गेली.

या वर्षीची वही काल उघडली आहे. जुलैचे चार शनिवार दशावतारासाठी लिहिले आहेत. श्रावणासाठी सहा मुलांची नावे काढायची आहेत आणि सोळा जणांनी हात वर केला आहे, त्यामुळे दुसऱ्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत विचारायला उद्या जाणार आहे. पाटांच्या पट्ट्यांपैकी तीसेक गंजल्या आहेत. पतसंस्थेजवळच्या दुकानातून नवा पत्रा कापून आणायला शिपाईकाकांना सांगितले आहे. आणि नववीच्या माहितीचे कागद टेबलावर आले आहेत. ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्याशेजारी मी आता हाताने आणखी एक रकाना आखतो, ‘घरातली कला’, आणि ते कागद घरी नेऊन सावकाश वाचतो.